उघडे दार आणि रविवारची उपासना
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी इतिहासाच्या पेपरासाठी आम्हाला प्रार्थना समाजावर टीप लिहावी लागे. टीप म्हणजे स्थापना, संस्थापक, तत्त्वे, कार्य आणि मर्यादा. दहा-बारा ओळी झाल्या की पाच गुण. ‘मर्यादा’ या मथळ्याखाली एक वाक्य ठरलेले असे : ‘ही चळवळ शहरातील सुशिक्षितांपुरती मर्यादित राहिली.’ मीही ते पाठ केले, लिहिले आणि गुण मिळवले. पण ती मर्यादित का राहिली? मंदिराच्या दारावर कोणाला मज्जाव नव्हता. तत्त्वे तर सर्व माणसे एकाच ईश्वराची लेकरे आहेत असे सांगणारी. परीक्षा संपली तरी हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. त्याचे कारण घरचे आहे, म्हणून ते आधी सांगतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. माझे आजोबा शाळेत गेले नाहीत, परंतु तुकोबांचे कितीतरी अभंग त्यांना तोंडपाठ आहेत. गावात हरिनाम सप्ताह बसला की ते टाळ घेऊन देवळात जात आणि ओट्याच्या खालच्या पायरीशी उभे राहत. मी लहान असताना एकदा विचारले, “आबा, वर का नाही जात?” ते म्हणाले, “कोणी नको म्हणत नाही रे. पण कोणी ये बी म्हणलं नाही.”

उदार धर्माची मंडळी आपली उपासना आणि आपला प्रचार कसा आखते, या प्रश्नाकडे मी त्या पायरीवरून पाहतो आहे. अभ्यासासाठी मी मुख्यतः महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे उदाहरण घेतले आहे. त्यांनी ही आखणी विलायतेतील चर्चमध्ये पाहिली, मुंबईत राबविली आणि ती अपुरी पडते असे दिसल्यावर स्वतःच बदलली.

प्रार्थना समाजाची स्थापना ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत झाली. डॉ. आत्माराम पांडुरंग, पुढे न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर अशी मोठी माणसे तिच्यात होती. १८७४ साली गिरगावात समाजाचे मंदिर उभे राहिले. मूर्ती नाही, पुरोहित नाही, सोवळे-ओवळे नाही. दर रविवारी लोक एकत्र बसत, पदे म्हणत, प्रार्थना करीत आणि आपल्यापैकीच एका जाणत्याचा उपदेश ऐकत. ही घडण बरीचशी ख्रिस्ती चर्चच्या आणि बंगालच्या ब्राह्म समाजाच्या वळणाची असली, तरी समाजाने गाण्यासाठी तुकारामादी संतांचे अभंग घेतले. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. परका साचा आपल्या गाण्याने आपलासा होतो.

आता वेळेकडे पाहू. रविवार हा आपल्याला सुट्टीचा स्वाभाविक वार वाटतो. परंतु मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी मान्य केल्यावर, आणि त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. म्हणजे समाजाची उपासना सुरू झाल्यापासून पहिली तेवीस वर्षे, ज्या वेळी गिरगावात ‘सर्वांनी यावे’ असे म्हटले जात होते, त्या वेळी गिरणीतला माणूस साच्यावर उभा असण्याचीच शक्यता अधिक. कोणी त्याला मुद्दाम वगळले नाही. कचेरीत आणि कोर्टात काम करणाऱ्यांनी आपल्या सोयीचा वार धरला, इतकेच. समाजाच्या मंडळींना कामगार दिसतच नव्हते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल, कारण त्यांच्यासाठी रात्रीच्या शाळा काढण्यात समाज पुढे होता. पण शाळेची वेळ कामगाराकडे पाहून ठरली आणि उपासनेची वेळ तशी ठरली नाही, हा फरक मला बोलका वाटतो.

दुसरी गोष्ट जातीची. सभासद होताना जात मोडलीच पाहिजे अशी समाजाची अट नव्हती. सावकाश, कोणाला न दुखवता पुढे जावे हे धोरण होते. त्यामुळे घरी एक आणि मंदिरात एक असे वागणे शक्य झाले. महात्मा फुले यांनी १८८५ सालच्या ‘सत्सारा’त ब्राह्म आणि प्रार्थना समाजांवर जी टीका केली आहे ती पुष्कळ कडवट आहे. वर्गात ती वाचताना मला ती जरा जास्तच वाटली होती. आता तितकी वाटत नाही.

या पार्श्वभूमीवर शिंदे येतात. जन्म १८७३, जमखंडीचा. घर मराठा, वडील वारकरी वळणाचे. घरच्या ओढगस्तीतून वाट काढीत ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १८९८ साली बी.ए. झाले. समाजाच्या उपासनेला ते जाऊ लागले, आणि १९०१ साली युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशास्त्र शिकायला गेले. युनिटेरियन म्हणजे ईश्वर एकच मानणारे, त्रैक्याचा सिद्धांत न स्वीकारणारे, येशूला थोर गुरू समजणारे आणि धर्मात बुद्धीला जागा देणारे ख्रिस्ती. या कॉलेजाचा इतिहासही दाराचाच आहे. इंग्लंडच्या राजमान्य चर्चची कलमे न मानणाऱ्यांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे बंद होती, म्हणून १७८६ साली मँचेस्टरला त्यांच्यासाठी ते निघाले. १८७१ च्या कायद्याने ते निर्बंध उठल्यानंतर १८८९ साली ते ऑक्सफर्डला आले.

शिंद्यांना तिथे विद्वत्ता मिळाली, पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती युनिटेरियनांची शहरातल्या गरीब वस्त्यांत काम करण्याची परंपरा. तिचा उगम अमेरिकेतला. त्या काळी बॉस्टनच्या चर्चमधली बाके कुटुंबांच्या मालकीची किंवा भाड्याची असत. ज्याच्याकडे बाकाचे पैसे नाहीत तो कितीही भाविक असला तरी बसणार कुठे? १८२६ साली जोसेफ टकरमन नावाच्या धर्मोपदेशकाने तिथे गरिबांच्या घरी जाऊन भेटण्याचे काम हाती घेतले, आणि त्यांच्यासाठी बाकाचे भाडे नसलेली प्रार्थनास्थळे निघाली. १८३० नंतरच्या दशकात इंग्लंडमधल्या युनिटेरियनांनी हीच पद्धत उचलली. गृहभेट, मुलांची शाळा, आजाऱ्याची विचारपूस आणि मग उपासना, असा तिचा क्रम. उपदेशकाने व्यासपीठावर वाट पाहत बसायचे नाही, जिना चढून जायचे.

१९०३ च्या सप्टेंबरात आम्स्टरडॅमला उदार धर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे शिंद्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला आणि त्याच वर्षी परत येऊन ते मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. उपदेश, व्याख्याने, प्रवास, तरुणांसाठी वेगळे वर्ग, असा त्यांचा झपाटा होता. हा सारा प्रचार शिकलेल्या माणसासाठी चांगला होता. वाचता येते, वेळ आहे, शंका विचारायची सवय आहे, अशा माणसापर्यंत तो पोचतो. माझ्या आबांपर्यंत पोचला नसता.

मग १९०६ साल. १८ ऑक्टोबर रोजी परळला अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा उघडून भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीचे काम सुरू झाले. अध्यक्ष न्या. चंदावरकर होते आणि पैशाचा मोठा भार दामोदरदास सुखडवाला यांनी उचलला. शाळेमागोमाग दवाखाना, शिवणाचा वर्ग, वसतिगृह अशी कामे वाढत गेली. शिंद्यांचे कुटुंबच या कामात उतरले. बहीण जनाबाईंनी तिथे काम केले. वस्तीतल्या लोकांसाठी सोमवंशीय मित्र समाज निघाला आणि भजन, उपासना, उपदेश परळातच होऊ लागले. गिरगावाहून परळ तीन-चार मैल. पण तेवढे अंतर कोणी चालायचे, हा खरा मुद्दा होता. पूर्वी ते वस्तीतल्या माणसाने चालावे अशी अपेक्षा होती. आता उपासनाच चालत गेली.

इथे मी थोडा रेंगाळतो, कारण आखणीचा सारा धडा मला इथेच दिसतो. परळच्या कामात शाळा आधी आली, दवाखाना आला, आणि उपासना त्यांच्या सोबतीने आली. शाळा-दवाखाना हे उपासनेकडे ओढण्याचे आमिष होते का? असा आक्षेप धर्मप्रचाराच्या प्रत्येक कामावर येतो आणि तो टाळू नये. मला वाटते, खूण सोपी आहे. जो उपासनेला येत नाही त्याच्या मुलाला शाळेत तीच वागणूक मिळते का? मिळत असेल तर आमिष नव्हे. उदार म्हणविणाऱ्या मंडळीला ही कसोटी इतरांपेक्षा कडक लागू पडते, कारण तिने कोणाच्याही श्रद्धेवर अट घालायची नाही असे आधीच जाहीर केलेले असते.

हे सगळे समाजातल्या सर्वांना रुचले असे नाही. वाढत्या मतभेदांतून १९१० साली शिंद्यांनी प्रचारकपद सोडले. मिशनचे काम मात्र त्यांनी चालू ठेवले. पुढे पुण्यात त्यांनी कौटुंबिक उपासनेचा प्रयोग केला. एकेका घरी जमायचे, बायका-मुलांसह बसायचे. सभागृहातल्या उपासनेत बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक असतात. घरात तसे राहत नाही. रडणारे मूल असते, चहा असतो, म्हातारी मध्येच काही विचारते. माझ्या मते, नव्या माणसाला सामावून घेण्याची ही सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड रीत. सोपी, कारण खर्च नाही. अवघड, कारण ज्याला मंदिरात शेजारी बसवतो त्याला आपल्या ओसरीवर, आपल्या ताटाशी बसवायला खरोखर तयार आहोत का, हे त्याच दिवशी कळते.

गाण्याच्या बाबतीत मात्र मला एका ख्रिस्ती कवीचे काम अधिक जवळचे वाटते. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. चर्चमध्ये भाषांतरित गीते विलायती चालीवर म्हटली जात. टिळकांनी अभंग रचले, भजने रचली, स्वतः कीर्तने केली. टाळ-मृदंगाला वळलेला मराठी माणूस ख्रिस्ती झाला तरी त्याचे कान तेच राहतात, हे त्यांनी ओळखले होते. १९१७ साली साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात ख्रिस्ताला मानणारा पण बाप्तिस्मा न घेतलेला माणूसही सामील होऊ शकत होता. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये टिळक वारले, त्यामुळे प्रयोगाला पुरेसे आयुष्य मिळाले नाही.

याच जातीचा विचार पुढे अमेरिकेत निराळ्या प्रश्नावर झालेला दिसतो. तिथे १९६१ साली युनिटेरियन आणि युनिव्हर्सालिस्ट या दोन उदार पंथांच्या संघटना एक झाल्या. १९८९ च्या अधिवेशनात त्यांनी ठरविले की, समलिंगी व्यक्तींना आपल्या चर्चमध्ये खरोखर जागा मिळावी म्हणून एक कार्यक्रम आखायचा. त्याला ते ‘स्वागतशील मंडळी’ म्हणतात. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की, एखाद्या चर्चला ती पाटी मागून मिळत नाही. सभासदांनी आधी वर्ग घेऊन अभ्यास करायचा, आपल्या बोलण्यात, गाण्यात, कागदपत्रांत कोण वगळले जाते ते तपासायचे, आणि मग मत देऊन ठरवायचे. येणाऱ्याने शिकावे असे नाही, बसलेल्यांनी शिकावे असे. आपल्याकडच्या टिपांमध्ये ‘समाजाने सर्वांना प्रवेश दिला’ असे वाक्य असते. त्या प्रवेशासाठी आतल्यांनी काय अभ्यास केला हे सहसा नसते.

पहिल्या वर्षी मी एका अभ्यासमंडळात दोनदा गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसे सज्जन होती. ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ असे फळ्यावर लिहिले होते. चर्चा चांगली झाली, पण तिच्यातली नावे मी कधी ऐकलेली नव्हती. शेवटी ‘कोणाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारले तेव्हा सगळ्यांनी माझ्यासह खाली पाहिले. तिसऱ्यांदा गेलो नाही. माझ्या शेजारी बसलेल्या एखाद्याने ‘तू कुठल्या गावचा?’ एवढे विचारले असते तरी मी गेलो असतो.

शिंद्यांचे ‘माझ्या आठवणी व अनुभव’ हे पुस्तक दिवाळीच्या सुट्टीत मी घरी नेले होते. परळचा भाग आबांना वाचून दाखविला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले, शाळेविषयी, दवाखान्याविषयी, उपासनेविषयी. मग तंबाखू मळता मळता म्हणाले, “ते समदं खरं. पण तिथं टाळ कुणाच्या हातात असायचा, ते बघ.”