ब्लिदाच्या वॉर्डातला कॉफीखाना

प्रश्न : ‘माणुसकी’, ‘सुधारणा’ असे शब्द तोंडी ठेवूनच युरोपीय सत्तांनी अर्धं जग ताब्यात ठेवलं. तरीही फ्रांत्झ फॅनन, एडवर्ड सईद यांच्यासारखे वसाहतवादाचे कडवे टीकाकार मानवतावाद सोडायला तयार नव्हते, असं वाचनात आलं. ज्या शब्दाने एवढी फसवणूक केली, तो या मंडळींनी टाकून का दिला नाही?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : टाकून देणारेही आहेत, त्यांच्याकडे वळूच. पण तुमच्या प्रश्नामागचा राग रास्त आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

१७८९ मध्ये फ्रान्सने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान असतात, हे त्याचं पहिलं कलम. त्याच वेळी सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, लाखो आफ्रिकी गुलाम उसाच्या मळ्यांत राबत होते. १७९१ मध्ये ते उठले. १७९४ मध्ये फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली, १८०२ मध्ये नेपोलियनने ती परत आणली आणि १८०४ मध्ये हैती लढून स्वतंत्र झालं. त्यानंतर १८२५ मध्ये फ्रान्सने या देशाकडे १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. मळेवाल्यांची मालमत्ता बुडाली होती ना! त्या मालमत्तेत गुलाम केलेली माणसंही धरली होती.

दुसरं उदाहरण ८ मे १९४५ चं. नाझी जर्मनी शरण आली म्हणून सगळीकडे जल्लोष चालला होता. तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या अल्जीरियातल्या सेतीफ गावात विजयाच्या मिरवणुकीत काहींनी अल्जीरियाचा झेंडा उंचावला आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यातून उसळलेल्या हिंसाचारात शंभराच्या आसपास युरोपीय मारले गेले. पुढचे काही आठवडे लष्कराने आणि तिथे स्थायिक झालेल्या गोऱ्यांनी जो सूड उगवला, त्यात हजारो अल्जीरियन माणसांचा जीव गेला. मार्टिनिकचे कवी एमे सेझेर यांनी १९५० मध्ये वसाहतवादावर एक छोटं, जळजळीत पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की, हिटलरने जे केलं ते वसाहतींमध्ये आधीपासून चालूच होतं. युरोपला धक्का बसला तो हिटलरने तेच गोऱ्या माणसांवर केलं म्हणून. अशा मानवतावादाला सेझेर खोटा मानवतावाद म्हणतात. खोटा म्हटलं की खऱ्याची मागणी ओघानेच येते, आणि सेझेर ती करतात.

आता फॅनन. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्या ग्रंथांइतकंच त्यांच्या नोकरीत सापडतं. १९५३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते अल्जीयर्सजवळच्या ब्लिदा इथल्या मनोरुग्णालयात डॉक्टर म्हणून रुजू झाले. जन्म मार्टिनिकचा, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढून जखमी झालेले, शिक्षण लिआँमध्ये. त्या काळी अल्जीयर्सच्या मानसोपचारतज्ज्ञांची एक नावाजलेली परंपरा होती. आंत्वान पोरो हे तिचे अध्वर्यू. उत्तर आफ्रिकेतला माणूस मेंदूच्या घडणीनेच मागासलेला, आवेगी आणि हिंसक असतो, असं तिथे वैद्यकशास्त्र म्हणून शिकवलं जाई.

फॅनन यांनी हे धुडकावलं. त्यांनी युरोपीय आणि मुस्लिम रुग्णांना एकच उपचार द्यायचं ठरवलं. फ्रान्समध्ये फ्रांस्वा तोस्केयस यांच्या हाताखाली ते एक पद्धत शिकून आले होते. रुग्णाला कोंडून ठेवायचं नाही, वॉर्डालाच छोट्या समाजाचं रूप द्यायचं : बैठका, सण, नाटक, हातकाम, रुग्णांनीच काढलेलं वार्तापत्र. युरोपीय स्त्रियांच्या वॉर्डात थोड्याच दिवसांत फरक दिसू लागला. मुस्लिम पुरुषांच्या वॉर्डात काहीच हललं नाही. माणसं बैठकीला येत आणि गप्प बसून राहत.

पोरोंच्या शिष्यांनी इथे लगेच म्हटलं असतं, बघा, यांचा मेंदूच तसा. फॅनन आणि त्यांचे तरुण सहकारी जाक आझुले यांनी १९५४ मध्ये लेख लिहून हे अपयश जाहीर केलं आणि दोष स्वतःकडे घेतला. फॅनन यांच्या धाडसाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, मला ते या लेखात सगळ्यात जास्त दिसतं. वार्तापत्र काढलं होतं, पण बहुतेक रुग्णांना वाचता येत नव्हतं. सण साजरे केले ते ख्रिस्ती. डॉक्टरांना अरबी येत नव्हती, म्हणून मध्ये दुभाषा. आणि या माणसांनी दुभाषा आजवर पाहिला होता तो कोर्टात नाहीतर सरकारी साहेबासमोर. अशा माणसाच्या तोंडून कोणी आपलं दुःख सांगेल का?

मग वॉर्डात एक कॉफीखाना उघडला. गावाकडे पुरुष संध्याकाळी जिथे टेकतात, तसा. मुसलमानी सण सुरू झाले, गोष्टी सांगायला कथेकरी येऊ लागला. आणि माणसं बोलती झाली.

सगळी माणसं समान, म्हणून सगळ्यांना तेच द्यायचं, हा फॅनन यांचा पहिला विचार शंभर टक्के प्रामाणिक होता. पण त्यातलं ‘तेच’ फ्रेंच होतं, हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. हा कॉफीखाना मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. ‘तुम्ही वेगळे’ म्हणून पोरोंनी त्या रुग्णांना खालचं ठरवलं होतं, आणि ‘तुम्ही आमच्यासारखेच’ म्हणून एका प्रामाणिक डॉक्टरने त्यांचं आयुष्य नजरेआड केलं होतं. सेझेर यांनी १९५६ मध्ये फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचा राजीनामा देताना जवळपास हेच लिहिलं : आपल्याच कुंपणात कोंडून घेतलं तरी माणूस हरवतो, आणि कुणाच्या तरी ‘वैश्विक’ कल्पनेत विरघळून गेला तरी हरवतो. त्यांना हवं होतं ते सगळ्यांच्या सगळ्या वेगळेपणाने भरलेलं वैश्विक.

आता टाकून देणाऱ्यांबद्दल. फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फूको यांनी १९६६ मध्ये मांडलं की, ‘माणूस’ ही ज्ञानव्यवहाराने अलीकडेच घडवलेली कल्पना आहे आणि ती पुसलीही जाईल. वसाहतोत्तर अभ्यासावर या विचाराचा दाट प्रभाव आहे. सईद यांच्या १९७८ च्या ‘ओरिएंटॅलिझम’ या ग्रंथावरही आहे, आणि तरी त्यांनी मानवतावाद सोडला नाही. ही विसंगती आहे, अशी टीका त्यांच्यावर झाली. ते मागे हटले नाहीत. २००३ मध्ये त्यांचं निधन झालं आणि पुढच्या वर्षी आलेलं त्यांचं पुस्तक मानवतावादावरचंच होतं. सईद यांचा मानवतावाद म्हणजे मुख्यतः वाचणं. दुसऱ्याचं लिखाण त्याच्या काळात, त्याच्या भाषेत शिरून, चिकाटीने वाचणं. जमैकाच्या विचारवंत सिल्व्हिया विंटर यांचा मुद्दा मला आणखी टोकदार वाटतो. पश्चिमेतल्या एका वर्गाच्या पुरुषाने स्वतःलाच ‘मनुष्यजात’ म्हणून मिरवलं, असं त्या म्हणतात. भांडण त्या तोतयाशी आहे, मनुष्यजातीशी नाही.

आणि हा प्रश्न साताऱ्याहून आला आहे, तेव्हा एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जोतीराव फुले यांचं घराणं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं. त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. थॉमस पेन यांचं मानवी हक्कांवरचं पुस्तक त्यांनी वाचलेलं होतं. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि तिकडच्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. या दोघांना समतेची भाषा लागत होती ती साहेबाविरुद्ध कमी आणि घरातल्या उच्चनीचतेविरुद्ध जास्त. ‘मानवी हक्क ही परकी कल्पना, ती फेकून द्या’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, ती फेकल्याने कुणाची सोय होणार? आपल्याकडे तरी ती सोय बहुधा वरच्या पायरीवर बसलेल्याचीच झाली असती. माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं होतं ते इथे.

फॅनन यांनी १९५६ मध्ये ब्लिदाची नोकरी सोडली आणि ते अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९६१ च्या डिसेंबरात, छत्तिसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेले. त्याच वर्षी त्यांचं शेवटचं पुस्तक आलं. त्याच्या पहिल्या प्रकरणात ते पारतंत्र्यातल्या माणसाने उचललेल्या शस्त्राची बाजू घेतात, ती लपवून त्यांना सौम्य करण्यात अर्थ नाही. पण समारोपात ते नव्या माणसाची हाक देतात, आणि त्याआधीच्या प्रकरणात रुग्णांच्या नोंदी आहेत. त्यातली एक अशी.

एक युरोपीय पोलीस त्यांच्याकडे येत असे. चौकशीच्या नावाखाली कैद्यांचा छळ करणं हे त्याचं काम. रात्री त्याच्या कानात किंकाळ्या घुमत. एके दिवशी डॉक्टरांची वाट पाहत तो रुग्णालयाच्या आवारात फिरत होता. फॅनन परत आले तेव्हा तो एका झाडाला टेकून घामाने निथळत, थरथरत उभा होता. ज्याचा त्याने छळ केला होता असा एक अल्जीरियन त्याच रुग्णालयात उपचार घेत होता आणि त्या दोघांची वाटेत गाठ पडली होती. फॅनन यांनी पोलिसाला गाडीत घालून घरी नेलं, कोचावर निजवलं, शांत केलं. मग ते वॉर्डाकडे आले, तर तो अल्जीरियन रुग्ण जागेवर नव्हता. शोधाशोध केल्यावर तो संडासात सापडला. पोलीस आपल्याला परत न्यायला आला आहे असं समजून तो तिथे जीव द्यायच्या प्रयत्नात होता. तू पाहिलंस तो भास होता, इथे पोलीस येऊच शकत नाही, असं त्याला पुन्हा पुन्हा सांगत रुग्णालयातल्या माणसांना कितीतरी वेळ त्याच्यापाशी बसावं लागलं.