पाचटाचा धूर व हिवाळ्यांतील कोंदलेली हवा

ऊस तोडून गेला, फडांत गुडघाभर पाचट पडलें आणि खोडव्याच्या पाण्याची घाई झाली, म्हणजे काडी लावण्याचा मोह कोणास होत नाहीं? महसूल खात्यांतील कारकुनी संपवून आम्ही गांवीं शेती पाहूं लागलों, तेव्हां पहिलीं तीन वर्षें आम्हीहि हेंच केलें. तिसऱ्या वर्षीं पौषांतील एका संध्याकाळीं पेटविलेल्या फडाचा धूर वर न जातां गांवावर आडवा पसरला, तो दुसरे दिवशीं ऊन चांगलें वर येईपर्यंत हालला नाहीं. आमच्या मंडळींस दम्याचा विकार आहे. ती सारी रात्र त्यांनीं बसून काढली, आणि आम्हीं त्यांच्या शेजारीं. धूर दुसऱ्या कोणाचा नव्हता, आमच्याच शेतांतला होता. तेव्हांपासून या विषयाची जी माहिती आम्हीं मिळविली, ती वाचकबंधूंपुढें ठेवीत आहों.

धूर तेवढाच असून एखादे दिवशीं तो निघून जातो व एखादे दिवशीं गळ्याशीं येतो, याचें कारण हवेच्या थरांत आहे. सामान्यतः जमिनीपासून जसजसें वर जावें तसतशी हवा थंड होत जाते. दर किलोमीटरास सुमारें ६.५ अंश सेल्सिअस असें हें मान आहे. खालची उबदार हवा हलकी असल्यामुळें वर चढते व धूर आपल्याबरोबर नेते. परंतु हिवाळ्यांतील निरभ्र, निवाऱ्याच्या रात्रीं जमीन आपली उष्णता झपाट्यानें सोडते. तिला लागलेली हवा गार व जड होऊन खालींच बसते, आणि तिच्यावर तुलनेनें उबदार हवेचा थर झांकणासारखा राहतो. या झांकणाखालीं जो धूर सोडाल तो तेथेंच कोंडतो. पहाटे चुलींचा धूर गांवावर चादरीसारखा पसरलेला आपण सर्वांनीं पाहिला आहे. तें याच झांकणाचें दृश्य होय. धूर व धुकें यांच्या या मिश्रणास १९०५ सालीं डॉक्टर देव्हो या गृहस्थांनीं लंडन येथें ‘स्मॉग’ हें नांव रूढ केलें. आपण त्यास धुरकें म्हणतों.

हें धुरकें काय करूं शकतें याचा मोठा दाखला लंडनचाच आहे. ५ डिसेंबर १९५२ पासून पांच दिवस त्या शहरावर असेंच झांकण बसलें. घरोघरच्या शेगड्यांतील व कारखान्यांतील दगडी कोळशाचा गंधकयुक्त धूर खालीं साचत गेला. त्याच सुमारास तेथें स्मिथफील्डचें प्रसिद्ध पशुप्रदर्शन भरलें होतें. बक्षिसाच्या आशेनें पोसलेलीं धष्टपुष्ट जनावरें धापा टाकूं लागलीं व त्यांतील कांहीं दगावलीं. माणसांचा हिशेब पुढें लागला: त्या वेळच्या सरकारी अंदाजानें सुमारें ४,०००, व पुढील अभ्यासकांच्या मतें १२,००० पर्यंत. मग १९५६ सालीं त्या देशांत स्वच्छ हवेचा कायदा झाला.

तो कोळशाचा धूर झाला, आमच्या पाल्याचा तसा नव्हे, असें कोणी म्हणेल. गंधकापुरतें तें खरें आहे. परंतु पाला, लांकूड, डिझेल किंवा कोळसा, कांहींहि जळलें तरी त्यांतून अति सूक्ष्म कण निघतात. अडीच मायक्रॉनांहून लहान असे हे कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनहि बारीक असतात. नाकांतील केस व घशांतील कफ यांस ते सांपडत नाहींत. फुप्फुसाच्या तळाशीं जातात व तेथून रक्तांतहि उतरतात. दमा व खोकला इतकेंच नव्हे, तर हृदयविकार व पक्षाघात यांचाहि संबंध त्यांच्याशीं जोडला गेला आहे.

आतां आपल्या देशांतील गोष्ट. पंजाब व हरियाणा या प्रांतांत भाताची कापणी यंत्रानें होऊं लागल्यापासून शेतांत उभें धसकट व मोकळा पेंढा मागें राहतो. भूजल वांचावें म्हणून २००९ सालीं तेथें कायद्यानें भाताची लावणी जूनमध्यें पुढें ढकलली. साहजिकच कापणी ऑक्टोबरअखेरीकडे सरकली व गव्हाच्या पेरणीपूर्वीं जेमतेम दोन-तीन आठवडे हातीं राहूं लागले. तेवढ्यांत पेंढा उचलणें परवडत नाहीं, म्हणून काडी. आणि नेमकें त्याच वेळीं थंडीचें झांकण बसूं लागतें व वारा पडतो. पाणी राखण्याचा कायदा हवेच्या मुळावर येईल, हें तो करतांना फारसें कोणाच्या ध्यानीं आलें नसावें. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं त्या भागांत पेंढा जाळण्यास मनाई केली, तरी पुढील वर्षीं नोव्हेंबरांत दिल्लींतील शाळा धुरक्यामुळें बंद ठेवाव्या लागल्या.

येथें शेतकऱ्याच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. दिल्लीच्या हवेंत शेतांतील धुराचा वांटा कांहीं दिवशीं एक तृतीयांशाच्या वर गेल्याची नोंद आहे. परंतु ते दिवस थोडे. वर्षाचे बाकीचे महिने तेथील मोटारी, वीटभट्ट्या, कारखाने, बांधकामाची धूळ व कचऱ्याच्या आगी यांचेंच राज्य असतें. सारा दोष नांगरधाऱ्याच्या माथीं मारणें सोयीचें असेल, न्यायाचें नाहीं.

शिवाय शहरांतील हवा आपल्याहि पिकांस सोडीत नाहीं. अमेरिकेंत लॉस एंजल्सच्या आसपास १९४० नंतरच्या वर्षांत पालेभाज्यांचीं पानें चमत्कारिक रीतीनें रुपेरी व तांबूस पडूं लागलीं. हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें शोध लाविला, कीं मोटारींच्या धुरांतील वायूंवर कडक ऊन पडून ओझोन तयार होतो व तो पानांस मारतो. गहूं, सोयाबीन व घेवड्यासारखीं पिकें या वायूस विशेष नाजूक. पानांवर बारीक ठिपके येतात, तीं वेळेपूर्वीं पिवळीं पडतात, दाणा हलका भरतो. आणि आपण समजतों रोग पडला. आम्हीं नोकरींत इतकीं वर्षें पिकांच्या नोंदी लिहिल्या, पण ‘हवा वाईट म्हणून पीक कमी’ अशी ओळ एकदांहि लिहिल्याचें स्मरत नाहीं.

जाळण्याचा तोटा खिशासहि आहे. एक टन भाताचा पेंढा जाळला कीं सुमारें ५.५ किलो नत्र हवेंत जातें. उसाच्या पाचटाचीहि जात तीच. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतें, हें लक्षांत घ्यावें. एकदां आम्ही जळिताचा पंचनामा लिहिण्यास गेलों होतों. एकानें पाचट पेटविलें, वारा फिरला, आणि बांधापलीकडील दोन एकर उभा ऊस ठिबकच्या नळ्यांसह गेला. दोघे भाऊबंद, म्हणून पंचांनीं कारण ‘अज्ञात’ सांगितलें व आम्हीं तसेंच लिहिलें.

आतां आम्ही करतों तें असें. तोडणी होतांच बुडखे जमिनीलगत छाटतों व पाचट एक आड एक सरींत दाबतों. दर टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो कुजविणारें जिवाणू संवर्धन टाकून पाणी देतों. पहिल्या वर्षीं पाणी सरींत नीट धांवेना व उंदीरहि वाढले. बिळें बुजविण्याची मजुरी अंगावर पडली. दुसऱ्या वर्षीं पाचटाची कुट्टी करून पसरली तेव्हां ती अडचण गेली, आणि उन्हाळ्यांत पाण्याच्या दोन पाळ्या वांचल्या. रोगट काडीकचरा जाळणें भागच पडलें, तर बांध भिजवून, वारा नसतांना, दुपारीं हवा वर चढत असते तेव्हां थोडा थोडा जाळावा. दिवस कलल्यावर कदापि नाहीं.

आमच्या शिवेवरील दोन शेजाऱ्यांनीं यंदा पाचट ठेवण्याचें कबूल केलें आहे. तिसरे विचारतात, कुट्टी यंत्राचें भाडें कोण देणार? त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. एका एकरासाठीं यंत्रवाला येतहि नाहीं. म्हणून चौघांच्या शेतांची तोडणी एकाच आठवड्यांत लागेल अशी खटपट चालविली आहे. तसें झाल्यास यंत्राचा फेरा एकच पडेल व भाडें एकरानुसार वांटून घेतां येईल.