मेकॅनिकला काय सांगू, ताई?

अगं, आधी जरा शांत बस. गाडी गरम झाली, मेकॅनिकने इंजिनचं हेड उतरवलं आणि आता तो फोनवर विचारतोय, "मॅडम, पार्ट नवे टाकू की सेकंड हँड बघू?" खरं सांगू का, याचं उत्तर द्यायला इंजिन खोलता यायला लागत नाही. प्रत्येक पार्टामागे दोन गोष्टी विचार. हा गेला तर सोबत आणखी काय घेऊन जाईल? आणि पुन्हा बदलायची वेळ आली तर किती खोलावं लागेल?

हेड गॅस्केटपासून बघ. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये ती एकदा दाबून बसली की परत नीट बसत नाही, म्हणून ती नवीच. हेडच्या बोल्टांबद्दलही विचार. बऱ्याच इंजिनांत ते ताणून बसवतात, आणि ताणलेला बोल्ट पुन्हा वापरत नाहीत. ऑइल सीलही नवंच घ्यायचं. काढलेल्या सीलची रबरी कड नखाने दाबून बघ, दगडासारखी कडक लागली तर तेल कुठून गळत होतं ते कळेल. क्रँकच्या मागचं सील स्वस्तातलं असतं गं, पण तिथं पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. कधी क्लचचं काम निघालं तर त्याच वेळी तेही बदलून घे.

टायमिंग बेल्टवर मात्र अजिबात काटकसर नको. चालत्या गाडीत तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. मग हजारांचं काम कुठल्या कुठे जातं! बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, सगळं एकदमच नवं टाक, मजुरी एकदाच पडते. पण आधी तुझ्या इंजिनाला बेल्ट आहे का ते बघ. मारुतीच्या के-सिरीज इंजिनाला टायमिंग चेन असते.

जुनं चालतं ते बाहेरून लागणारं, चटकन निघणारं. अल्टरनेटर घे. हाताने त्याची पुली फिरवून बघ, खरखर जाणवली की बेअरिंग गेलेलं. पण सेकंड हँड आणण्याआधी तुझाच दुरुस्त होतो का ते विचार, पुष्कळदा कार्बन ब्रश आणि बेअरिंग बदलून तो पुन्हा उभा राहतो. स्टार्टरचंही तसंच. ब्रॅकेट, इनटेक मॅनिफोल्ड, ऑइल चेंबर यांना तडा नसेल आणि पार्ट नंबर जुळत असेल तर बिनधास्त जुने घे. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड स्पेअर पार्टसाठी प्रसिद्ध आहेत. एकटी जाऊ नकोस, मेकॅनिकला घेऊन जा.

तुझं हेडही लगेच भंगारात काढू देऊ नकोस बघ. गरम होऊन ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, पण थोडंच वाकलं असेल तर फेसिंग मारून, म्हणजे घासून सपाट करून, चालतं. पट्टी ठेवून, खाली फीलर गेजचं पातं घालून किती फट आहे ते तुझ्यासमोर मोजायला सांग. प्रेशर टेस्टही करून घे, तडा डोळ्यांना दिसतोच असं नाही. दुसऱ्या गाडीचं हेड आणलं तरी या दोन्ही चाचण्या झाल्याशिवाय बसवू देऊ नकोस. आणि कुणी अख्खं जुनं इंजिनच सुचवलं, तर आधी त्याचे कागद माग. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो, इंजिन बदललंस तर आरटीओत नोंद करावी लागते.

नव्यातही फक्त शोरूमचाच डबा घ्यायला हवा असं नाही. गाडी कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या बॉश, माहलेसारख्या कंपन्या स्वतःच्या नावानेही विकतात, आणि ते बरेचदा स्वस्त पडतात. मात्र डुप्लिकेट माल फार आहे, म्हणून ओळखीचं दुकान आणि पक्कं बिल हवंच.

आता फोन उचल आणि मेकॅनिकला सांग, पार्टांची यादी पाठवा, प्रत्येकापुढे नवा की जुना ते लिहा, आणि काढलेले पार्ट माझ्या डिकीत ठेवा. त्याने कां-कू केलं, तर काम पुढे नेण्याआधी दुसऱ्या गॅरेजला विचार.