नवी नळी, निळी चिंधी

अमेरिकेत रायफलसाठी खास मापाची नळी करून घ्यायची तर आधी थांबायची तयारी लागते. टेक्सासमधली शायलन, विस्कॉन्सिनमधल्या क्रीगर आणि बार्टलाइन अशा नावाजलेल्या कारखान्यांकडे मागणी नोंदवली, की कित्येकदा महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. नळी आली की ती गनस्मिथकडे जाते. तो तिच्यात काडतूस बसायची जागा म्हणजे चेंबर कापतो, मागच्या टोकाला आटे पाडतो, पुढचं तोंड म्हणजे क्राउन नीट करतो आणि ती ॲक्शनवर चढवतो. खर्च शेकडो डॉलरांत जातो. एवढं सगळं करून माणूस रेंजवर पोचतो, तर शेजारच्या बाकावरचा कुणीतरी विचारतो, ‘ब्रेक-इन केलंस का?’

ब्रेक-इनचा साधारण क्रम असा असतो. एक गोळी झाडायची, नळी आतल्या धातूपर्यंत स्वच्छ करायची, पुन्हा एक गोळी, पुन्हा सफाई. असं काही वेळा केल्यावर तीन-तीन गोळ्यांनी आणि मग पाच-पाच गोळ्यांनी सफाई करायची. कितीदा, याबद्दल मात्र एकमत नाही. क्रीगरच्या सूचनांत स्टेनलेस स्टीलच्या नळीला कमी आणि क्रोम-मॉली पोलादाच्या नळीला जास्त फेऱ्या सांगितलेल्या असतात. शायलनने ब्रेक-इनची पद्धत छापली, पण गिऱ्हाइकांना ती हवी असते म्हणून दिली आहे, आम्हाला ही फार मोठी गोष्ट वाटत नाही, असं सांगायलाही ते चुकले नाहीत. ॲरिझोनाचे गेल मॅकमिलन तर थेट विरोधातच होते. झाडलेली प्रत्येक गोळी नळीचं आयुष्य खाते, तेव्हा या सोहळ्यात फायदा कुणाचा झाला तर तो नळ्या विकणाऱ्याचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

जाणत्या लोकांची मतं इतकी वेगळी पडतात, याचं उत्तर नळीच्या एका छोट्याशा भागात आहे.

चांगल्या कारखान्यात नळीच्या आतल्या खाचा कापून झाल्यावर तिचं हाताने लॅपिंग करतात. सळीच्या टोकावर शिशाचा गोळा ओतून घेतात, त्याला तेल आणि बारीक घासणारी पूड लावतात आणि तो नळीतून मागे-पुढे फिरवतात. त्यामुळे आतले सूक्ष्म ओरखडे लांबीच्या दिशेने, म्हणजे गोळी ज्या दिशेला जाणार त्याच दिशेला पडतात. पुढे गनस्मिथ चेंबर कापतो तेव्हा त्याचा रीमर मात्र गोल फिरतो. चेंबर संपून खाचा सुरू होतात त्या जागेला थ्रोट म्हणतात. तिथे रीमरचे ओरखडे आडवे राहतात. नव्या थ्रोटमधून गोळी जाते तेव्हा तो किसणीसारखा तिच्या अंगावरचं तांबं खरवडतो. गोळीचं वेष्टन सहसा ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त यांचं असतं. मागून येणारा वायू दोन हजार अंश सेल्सियसहून जास्त तापलेला असतो, आणि .३०८ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर या काडतुसांत दाबाची कमाल मर्यादा प्रत्येक चौरस इंचाला ६२,००० पौंड इतकी असते. खरवडलेलं तांबं या झोतात पुढे वाहत जातं आणि नळीच्या भिंतीवर बसतं.

म्हणून ब्रेक-इन हा मुख्यतः थ्रोटचा प्रश्न आहे. पहिल्या काही गोळ्या थ्रोटमधल्या आडव्या रेघा गुळगुळीत करतात, आणि अधूनमधून केलेल्या सफाईमुळे तांब्याच्या थरावर थर चढत नाहीत. उरलेली नळी लॅपिंगच्या वेळीच तयार झालेली असते. तिला घासून काही मिळत नाही, गमावण्यासारखं मात्र बरंच असतं. .३०८च्या नळीत खाच आणि उंचवटा यांच्यातला फरक जेमतेम एक दशांश मिलिमीटर असतो. ६.५ क्रीडमूरच्या नळीत साधारणपणे आठ इंचांत एक फेरा असतो, त्यामुळे सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास वेगाने निघालेली गोळी मिनिटाला सुमारे २,४०,००० फेऱ्यांच्या गतीने गरगरत बाहेर पडते. तिला ही फिरकी देतात ते हेच इवलेसे उंचवटे.

डॅलसजवळ राहणाऱ्या, मूळच्या पुण्याच्या एका अभियंत्याला हे गणित महागात पडून कळलं. त्याने ६.५ क्रीडमूरसाठी स्टेनलेसची नळी बसवून घेतली आणि छापील सूचनेपेक्षा काकणभर जास्तच काळजी घ्यायचं ठरवलं. पहिली गोळी झाडल्यावर त्याने अमोनिया असलेला द्रव लावलेली चिंधी नळीतून फिरवली. ती निळी निघाली, म्हणजे तांबं होतं. दुसरी निळी, तिसरीही निळी. निळा रंग जाईना म्हणून ब्राँझचा ब्रश झाला, मग घासणारी पेस्ट झाली. शेवटी कंटाळून त्याने द्रव नळीतच ठेवला आणि सकाळी पाहू म्हणून झोपायला गेला.

निळा रंग जाणार तरी कसा? चिंधी सळीच्या ज्या टोकावर बसवून ढकलायची, तो त्याचा जॅग पितळी होता. पितळेत तांबं असतं आणि ब्राँझमध्येही असतं. अमोनिया जॅगलाच विरघळवत होता आणि चिंधी त्याची साक्ष देत होती. नळी बहुधा केव्हाच स्वच्छ झाली असावी.

पुढच्या खेपेला १०० यार्डांवर त्याच्या गोळ्या पसरू लागल्या. अर्ध्या इंचात बसायला हवा तो गट त्याच्या कितीतरी पलीकडे गेला. गनस्मिथने बोअरस्कोप म्हणजे नळीत जाणारा बारीक कॅमेरा घालून पाहिलं तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. रात्रभर राहिलेल्या द्रवाने पृष्ठभागावर बारीक खड्डे पाडले होते. पेस्ट लावून एकाच जागी घासल्यामुळे थ्रोटपुढच्या उंचवट्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या. आणि सळीला मधोमध धरणारा बोअर गाइड न वापरल्यामुळे ती वाकून थ्रोटच्या खालच्या बाजूला घासली गेली होती. मग नळीचं मागचं टोक कापून टाकून चेंबर नव्याने कापावा लागला. म्हणजे थ्रोट पुन्हा कोरा झाला आणि ब्रेक-इन पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. यावेळी ते लवकर आटोपलं, कारण निकल चढवलेला जॅग वापरल्यावर निळा रंग काही गोळ्यांतच फिका पडला.

यातला प्रत्येक धडा नवी नळी घेणाऱ्याच्या थेट उपयोगाचा आहे.

सुरुवात गोळी झाडण्याआधीच होते. रायफल रिकामी आहे याची खात्री करून बोल्ट काढा. नव्या नळीत कारखान्याचं तेल आणि कातकामाचे कण असू शकतात, त्यामुळे पहिली सफाई कोरी नळी असतानाच करा. बोल्टच्या जागी बोअर गाइड बसवा, म्हणजे सळी नळीच्या मधोमध राहते. सळी एकसंध असावी. तुकडे जोडून होणाऱ्या सळीच्या सांध्यांना कडा असतात, आणि ती वाकतेही लवकर. सफाई ब्रीचकडून म्हणजे मागच्या टोकाकडून मझलकडे, पुढच्या तोंडाकडे करा. चिंधी पुढून बाहेर पडली की काढून टाका, मळलेली चिंधी मागे ओढू नका. सळी परत घेताना क्राउनवर घासणार नाही एवढं पाहा. गोळी नळीचा निरोप घेते ती क्राउनपाशी. तिथली कड एका बाजूला जरी झिजली, तरी गोळीमागचा वायू एकसारखा सुटत नाही आणि गोळी भरकटते.

अमोनियाचा द्रव वापरताना डबीवरची वेळ पाळा. तो काही मिनिटांपुरता नळीत ठेवायचा असतो, रात्रभर नव्हे. एक द्रव पूर्ण पुसून काढल्याशिवाय दुसरा लावू नका. काम मोकळ्या हवेत करा, हातमोजे आणि चष्मा घाला आणि अमोनिया घरातल्या ब्लीचच्या जवळपासही येऊ देऊ नका. जॅग निकल चढवलेला किंवा ॲल्युमिनियमचा घ्या, ब्रश नायलॉनचा चालतो. मग चिंधीवर दिसणारा निळा रंग नळीचाच असतो आणि त्यावर भरवसा ठेवता येतो.

मग एक गोळी, एक सफाई. दरवेळी चिंधीवरचा निळा किती गडद आहे ते लिहून ठेवा. हाताने लॅप केलेल्या चांगल्या नळीत तो सहसा लवकरच उतरतो. रंग ठळकपणे फिका पडला की तीन गोळ्यांचा एक-दोन वेळा गट घ्या, पुन्हा तपासा आणि थांबा. ठरलेला आकडा गाठायचाच म्हणून पुढे जाऊ नका. दोन गोळ्यांच्या मध्ये नळी थंड होऊ द्या, कारण तापलेला थ्रोट लवकर झिजतो. क्रोमचा मुलामा असलेल्या लष्करी धाटणीच्या नळ्यांना किंवा हातोड्याच्या यंत्रात चेंबरसकट घडवलेल्या कारखानी नळ्यांना ही पद्धत सहसा लागत नाही. तिथे सुरुवातीची एक सफाई पुरते.

ब्रेक-इन संपलं म्हणजे नळी स्थिरावली असं नाही. नव्या नळीतून पहिल्या शे-दोनशे गोळ्यांत वेग थोडा वाढतो, असा बऱ्याच नेमबाजांचा अनुभव आहे. स्वतः काडतुसं भरणाऱ्यांनी दारूचं अंतिम माप त्यानंतरच ठरवलेलं बरं. पुढच्या सफाईतही तारतम्य हवं. रायफल बाकावर टेकवून नेमबाजी करणारी बेंचरेस्टची मंडळी परंपरेने फेरीगणिक नळी साफ करत आली आहेत, तर लांब पल्ल्याचे नेमबाज अचूकता ढळेपर्यंत शेकडो गोळ्या तशाच चालवतात. दोघांनाही जपावं लागतं ते काडतुसाच्या तोंडापाशी, चेंबरच्या टोकाला साचणाऱ्या कार्बनच्या कड्यापासून. ते अमोनियाने निघत नाही, कार्बनसाठीचा वेगळा द्रव लागतो. दुर्लक्ष झालं तर ते काडतुसाची मान आवळतं आणि दाब धोक्याइतका चढवतं.

बोअरस्कोपबद्दलही एक इशारा. पूर्वी ते महागडं उपकरण गनस्मिथकडेच असे, आता स्वस्त कॅमेरे घरोघरी आले आहेत. कित्येक पटींनी मोठं दिसणारं चित्र पाहून उत्तम नेम देणारी नळीही खराब वाटते आणि माणूस पेस्ट शोधायला लागतो. कारखान्यात लॅपिंग केल्यावर दोन्ही टोकं थोडी कापून टाकतात, कारण घासताना तोंडाशी नळी सैल होते. घरी पेस्ट फिरवणाऱ्याला अशी टोकं कापायची सोय नसते. कागदावरचे गट चांगले येत असतील तर कॅमेऱ्यात दिसणाऱ्या डागांना हात लावू नका.

महाराष्ट्रातल्या अनेक नेमबाजांचा संबंध .२२ रिमफायर रायफलशी येतो, आणि तिथे यातला तांब्याचा भाग लागूच होत नाही. म्युनिकमध्ये २०१० साली ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत काय, किंवा १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे काय, त्यांच्या या प्रकारांत गोळी शिशाची असते. ती ध्वनीपेक्षा कमी वेगाने जाते आणि तिच्यावर मेण किंवा चरबीसारखं वंगण असतं. तांबंच नाही, तर अमोनियाचा द्रव कशाला? या नळीत साचतं ते कार्बन आणि शिसं, आणि तेही चेंबरच्या लगेच पुढे. कडक सफाईनंतर वंगणाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत काही गोळ्या इकडे-तिकडे जातात. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी चकचकीत करू नये. सफाईनंतर सरावाच्या गोळ्या हातात ठेवाव्यात.

एनसीसीत गेलेल्यांना नळीतून ओढायची दोरी म्हणजे पुलथ्रू आणि चिंदी आठवत असेल. सफाईसाठी चार बाय दोन इंचांची चिंदी आणि तेलासाठी तिच्याहून अरुंद, असं तिथे शिकवतात. ती पद्धत लष्करी रायफलींसाठी आली. त्या काळच्या प्रायमरमुळे नळीत मीठ राहायचं, ते हवेतला ओलावा ओढायचं आणि झाडल्यावर लगेच सफाई केली नाही तर नळी गंजायची. आजच्या प्रायमरमध्ये ती अडचण नाही. खास मापाच्या नळीत पुलथ्रू मात्र टाळावा. दोरी तिरकी ओढली की क्राउनला घासते.

भारतात नळी बदलण्याचा विचार असेल तर कायदाही आधीच पाहून ठेवा. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्रांबरोबर त्यांचे सुटे भागही येतात. परदेशातून नळी कुरियरने मागवता येत नाही, योग्य परवाना लागतो आणि ती बसवण्याचं काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावं लागतं.

आणि प्रत्येक सफाईनंतर, पुढची गोळी भरण्याआधी, कोरडी चिंधी फिरवून चेंबर आणि नळी पुसून घ्या. चेंबरमध्ये तेल राहिलं तर काडतूस भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर जास्त धक्का बसतो. मग बोल्ट बाहेर असतानाच ब्रीचकडून उजेडाकडे पाहा, पलीकडचं तोंड पूर्ण गोल दिसायला हवं. आत विसरलेल्या चिंधीवर किंवा ब्रशवर गोळी झाडली तर नळी फुटू शकते, आणि नेम धरलेल्या माणसाचा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो.