खडूचे कडे

फळ्यावर लिहावयाचा खडू हल्लीं बहुधा जिप्समचा केलेला असतो. खरा खडू हा निसर्गनिर्मित दगड होय. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डोव्हर व बीची हेड येथें त्याचे शुभ्र कडे समुद्रालगत उभे आहेत. पैकीं बीची हेडचा कडा सुमारें ५३० फूट उंच आहे.

अतिसूक्ष्म सागरी शेवाळांच्या चुनकवचांचा हा सांचा हजार वर्षांत एखाद-दुसरा सेंटिमीटर इतक्या संथपणें चढला. हें खडूयुग संपत आलें तेव्हां, सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारूपानें पसरत होता!

या कड्यांत मायक्रास्टर नामक हृदयाकृति सागरी प्राण्याचीं कवचें सांपडतात. थरागणिक त्यांत क्रमानें होत गेलेला बदल डॉ. आर्थर रो यांनीं १८९९ सालीं दाखविला. कोणतें कवच कोणत्या थरांतील, याची कसोशीनें नोंद ठेवल्यामुळेंच हें साधलें. नोंदीवांचून जीवाश्म म्हणजे नुसता शोभेचा दगड.

परंतु कड्याला हातोडी लावणें हें जिवावरचें साहस आहे. बीची हेडचा ‘डेव्हिल्स चिमनी’ हा सुळका २००१ सालीं कोसळला. कड्यापासून दूर, ओहोटीच्या वेळीं, आपोआप गळून पडलेले तुकडेच वेंचावे. त्यांचा थर सांगणें कठीण, तरी स्थळ व दिनांक तेथल्या तेथें लिहावा.