श्रीलंकेसाठी भारत, मग नेपाळसाठी कोण?

प्रश्न : आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत श्रीलंकेची बाजू भारताचा संचालक मांडतो, असं वाचलं. मग नेपाळचीही आपणच मांडतो का? आमच्या लखनौहून नेपाळची हद्द काही तासांवर आहे. (एक वाचक, आलमबाग, लखनौ)

उत्तर : नाही. बहराइच जिल्ह्यातलं रुपईडीहा ओलांडलं की नेपाळ लागतो, पण नाणेनिधीत तो इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड यांच्या गटात आहे. पाकिस्तान तर इराण, मोरोक्को, घाना यांच्याबरोबर. हे गट नकाशा बघून कुणी पाडलेले नाहीत. निधीचे सदस्य 191 आणि कार्यकारी मंडळावरचे संचालक 25. अमेरिका, चीन, जपान अशा मोजक्या देशांना स्वतंत्र जागा मिळते. बाकीच्यांनी आपसांत जुळवून, मतं एकत्र करून दर दोन वर्षांनी संचालक निवडायचा. आपल्या गटात भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि भूतान आहेत.

एके काळी आपलीही जागा स्वतंत्र होती. 1944 साली निधी स्थापन करायचं जिथे ठरलं, त्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारतीय शिष्टमंडळात रायगडाजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते. पुढे सोव्हिएत रशिया निधीत आलाच नाही, त्यामुळे वर्गणीच्या हिश्शात भारत पाचवा ठरला. पहिल्या पाचांना आपला संचालक थेट नेमता येई. नंतर जपान पुढे गेला आणि तो मान सुटला.

खरी मेख मतदानात आहे. संचालकाला गटाची मतं फोडता येत नाहीत. आपल्या गटाची मतं सुमारे 3 टक्के, त्यांतली 2.6 टक्क्यांच्या आसपास एकट्या भारताची. भूतानचं म्हणणं वेगळं असलं तर संचालक ते बैठकीत मांडू शकतो, पण भूतानचं मत वेगळं पडत नाही. धाकट्या देशांवर हा अन्याय आहे, असं मला वाटतं. म्हणूनच संचालकाने त्यांची बाजू स्वतःची समजून लढवली पाहिजे. श्रीलंका दिवाळखोरीत गेली तेव्हा कर्जफेडीत सवलतीची हमी जानेवारी 2023 मध्ये सर्वांआधी भारताने दिली आणि मार्चमध्ये मंडळाने सुमारे 3 अब्ज डॉलरचं साहाय्य मंजूर केलं.

पर्यायी संचालकाच्या जागेवर धाकट्या देशांचा माणूस बसतो, ही प्रथा मला म्हणूनच मोलाची वाटते. त्या संकटात श्रीलंकेच्या मध्यवर्ती बँकेची धुरा सांभाळणारे नंदलाल वीरसिंघे पूर्वी आपल्याच गटाचे पर्यायी संचालक होते. निधीत गाऱ्हाणं कुठे आणि कसं मांडायचं, हे त्यांना आतून ठाऊक होतं.