पुस्तक मिटून धडा सांगणें

“आम्ही अडाणी, लेकराच्या अभ्यासांतलें आम्हांस काय कळणार?” असें खेड्यापाड्यांतील पुष्कळ आईबाप म्हणतात, व सारा भार शिक्षकावर टाकून मोकळे होतात. ज्यांस शाळा मिळाली नाहीं त्यांचें हें बोलणें समजण्याजोगें आहे. पण अभ्यासास लागणारी एक मोठी मदत निरक्षर आईच्याहि हातीं आहे, आणि तीस एक पैहि लागत नाहीं.

मूल घरीं अभ्यास करतें म्हणजे बहुधा तोच धडा पुनः पुनः वाचतें. वाचतां वाचतां शब्द ओळखीचे होतात, आणि धडा आला असें त्यास वाटूं लागतें. फसगत होते ती येथेंच. अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा चारहि फेऱ्यांत नुसता वाचला. दुसऱ्यांनीं पहिल्या फेरींत वाचून पुढील तीन फेऱ्यांत तो न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणारे सरस ठरले. परंतु आठवड्यानें घेतली तेव्हां वाचणारांस सुमारें ४० टक्के, तर आठवून लिहिणारांस सुमारें ६१ टक्के मजकूर सांगतां आला. शाळेची परीक्षा कांहीं पांच मिनिटांनीं येत नसते!

तर आईनें भाकरी थापतां थापतां म्हणावें, “बाळ, पुस्तक मीट, आणि आज काय शिकलास तें सांग.” मूल अडखळल्यास पुस्तक उघडून पाहूं द्यावें, व पुनः मिटवून सांगावयास लावावें. तिला वाचतां येत नाहीं ही येथें अडचण नव्हे. “म्हणजे काय रे?” असें तिनें विचारलें कीं घोकलेलें वाक्य पुरत नाहीं, मुलास आपल्या शब्दांत उलगडून सांगावें लागतें. तोच धडा दोन-चार दिवसांनीं पुनः विचारावा. चुकलें म्हणून टपली मात्र मारूं नये. मार खाणारें मूल उद्यां सांगणेंच टाळील.

आतां वेळेविषयीं. मुलास पुस्तक व मुलीस हंडा ही वांटणी अजून कित्येक घरीं चालते, आणि मग मुलगी अभ्यासांत मंद आहे असें आपणच म्हणतों. बापानें हंडा उचलला तर तिला अर्धा तास मिळेल.

मुलाचें शिक्षण वडिलांच्या मनावर किती अवलंबून असतें हें जोतीराव फुले यांच्या चरित्रांत दिसतें. वडील गोविंदराव यांनीं त्यांस शाळेंतून काढून मळ्याच्या कामास लाविलें होतें. गफ्फार बेग मुनशी व लिजिट साहेब या शेजाऱ्यांनीं वडिलांची समजूत घातली, तेव्हां १८४१ सालीं ते पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत जाऊं लागले. आपल्या गांवांतील उपदेशक बंधूंनीं अशा शेजाऱ्याचें काम करावें. घरभेटीस गेलां असतां मुलाची चौकशी वरवर न करितां, आईबापांच्या देखत त्यास एक धडा तोंडीं सांगावयास लावावें; म्हणजे तो कसा ऐकावयाचा हें त्यांस प्रत्यक्ष पाहावयास मिळेल.